शेवटच्या प्रसंगाची पावलं

स्टुडिओतला नवा साउंड रेकॉर्डिस्ट चहा शोधत भलतंच दार उघडून आत शिरला आणि जागच्या जागी थबकला. दाराबाहेर त्याला जड बुटांची चाल ऐकू आली होती. आत एखादा दांडगा गडी असणार, अशी त्याची खात्री. आत होती एक बाई... चणीनं एवढीशी, पायांत बोळे कोंबलेले लष्करी बूट.

"तुम्हीच ते... सिनेमातलं भूत?"

"का, शोभत नाही? चहा पलीकडे मिळतो."

चहा राहिलाच. तिच्या पावलांचा आवाज आता आपल्यालाच टिपायचाय, हे कळल्यावर तर स्वारी हवेत.

पडद्यावरच्या माणसांना पावलांचे आवाज द्यायचे, हे तिचं काम. सगळे तिला टाचबाई म्हणत. या सिनेमात युद्धात मेलेला शिपाई रोज घरी येतो, फक्त बायकोला ऐकू येतो. शेवटी तीच दार उघडून त्याला निरोप देते.

"आज भूत दमलेलं दिसतंय," तो चिडवायचा.

"भुताची विचारपूस करायला पगार मिळतो वाटतं?"

असं छान चाललं होतं. अडलं ते शेवटच्या प्रसंगाशी. शिपाई निघून जातो, म्हणजे तिनं माइकपासून लांब चालत जायचं. साधी गोष्ट. पण ती चार पावलं जाई आणि तिथेच पाय वाजवत राही.

तो काचेमागून बाहेर आला. "भूत काही जात नाहीये. बटण फिरवून आवाज कमी करू का?" मग त्याची नजर खाली गेली. "हे बूट... कुणाचे?"

"नवऱ्याचे. तोही लढाईवरून परत आला नाही." तिनं बुटाची नाडी घट्ट ओढली. "एवढाच ऐकू येतो आता. तोही घालवू?"

हिच्यावर आपला जीव जडलाय, हे त्याला तेव्हाच नीट कळलं. आणि तेव्हाच बोलणं शक्य नव्हतं.

"बटण नको," ती म्हणाली. "मीच पोचवते त्याला."

ती दालनाच्या पार टोकापर्यंत चालत गेली. पावलं पुसट होत विरली. तिथं तिनं बूट काढून ठेवले, डोळे पुसले आणि अनवाणी परत आली.

"आता रिकाम्या खोलीची शांतता टिपायची," तो म्हणाला. हे त्यांच्या कामात नेहमीचंच. "हलायचं नाही, बोलायचं नाही."

दोघं समोरासमोर उभी राहिली. तिनं नजर वर केली — आणि काढून घेतली नाही.

"मला तुम्ही फार आवडता," तो बोलून गेला आणि ओशाळला. "बिघडवली मी शांतता. पुन्हा घेऊ?"

"घ्या की," ती म्हणाली. "शांतता राहू दे. मगाचं वाक्य घ्या."