बेटाच्या पुस्तिकेचं तिसरं पान

दीपमालाला त्याचा राग आला तो त्याचं नाव कळायच्याही आधी.

पांढरकवड्याच्या ज्या छापखान्यात ती संगणकावर पानं जुळवायची, तिथं तो भर दुपारी पेन ड्राइव्ह नाचवत शिरला, थेट पंख्याखाली उभा राहिला, आणि सोळा पानी पुस्तिका, हजार प्रती, पंधरा दिवसांत हव्यात म्हणून मोकळा झाला. यवतमाळचा होता, अवधूत नावाचा. धरणातल्या बेटावर परिषदांसाठी सभागृह चालवणाऱ्या एका कंपनीचं प्रसिद्धीचं काम पाहायचा. बेटाच्या प्रचाराला पंचवीस वर्षं झाली, त्याचा इतिहास त्यानं लिहून आणला होता. दोन हजार सालचं पहिलं घडीपत्रक, मग डॉक्टरांचं अधिवेशन, मग वातानुकूलित सभागृह... आणि तिसऱ्या पानावर पहिलंच वाक्य – 'त्याआधी हे बेट निर्जन होते.'

दीपमालाचा हात माउसवरच थांबला. निर्जन! अहो, ते बेट म्हणजे बुडालेल्या गावाची टेकडी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिच्या आबाजींचं, म्हणजे आजोबा उकंडाजींचं, घर त्याच पाण्याखाली गेलं. लोक पांगले, कुणी मारेगावकडे गेलं, कुणी केळापूरला. पण पंच्याहत्तर सालापासून दर माघी पौर्णिमेला ते सगळे डोंग्यांतून त्या टेकडीवर जमायचे आणि धम्म परिषद भरवायचे. तिची पत्रकं आबाजी कार्बन लावून हातानं लिहायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटायचे. आधी गाव बुडवायचं आणि मग निर्जन म्हणायचं, याचा राग नाही यायचा तर कशाचा यायचा?

तिनं त्याला हे सगळं चांगलं खडसावून ऐकवलं. तो मान डोलावत राहिला आणि जाताना "बघू या" म्हणाला. तिनं बघत बसायचं नाही असं ठरवलं. ते वाक्य काढून तिथं तिनं आबाजींचं पहिलं पत्रक लावलं, जसंच्या तसं.

दोन दिवसांनी तो प्रूफ पाहायला आला. दुकानात पाटी होतीच – 'सही केल्यानंतर चुकीची जबाबदारी गिऱ्हाईकाची.' तिनं त्याला ती पाटी दाखवली, तिसरं पान बदललंय हेही सांगितलं. तो हनुवटीला हात लावून चांगली पंधरा मिनिटं पानं उलटत बसला आणि त्यानं सही केली. "वाचलं?" तिनं विचारलं. "वाचलं," तो म्हणाला.

झालं! तिचा राग कुठल्या कुठे गेला. पुढचा आठवडाभर तो काही ना काही निमित्त काढून येत राहिला. कधी मुखपृष्ठाचा हिरवा गडद वाटतो, कधी नुसताच चहा. तीही कपाळावरची बट मागे सारत त्याची वाट पाहू लागली. घरी तिनं सांगूनसुद्धा टाकलं, एक माणूस भेटला, आपलं ऐकून घेतो. "कोन व्हय थो?" आबाजींनी विचारलं, आणि ती उगाचच गॅसकडे वळली.

गुरुवारी तो पडेल चेहऱ्यानं आला. हातात ब्लेडची डबी. कंपनीच्या साहेबांनी तिसरं पान पाहिलं होतं. ते हजारही प्रतींतून कापायचं होतं, कारण शनिवारी बेटावर उद्योजकांची परिषद होती. "या पानावर काय आहे, मला ठाऊकच नव्हतं," तो म्हणाला.

"तुमी वाचलं म्हनलं होतं."

त्यानं खाली पाहत डबीतून ब्लेड काढलं. मग हळूच म्हणाला, "नव्हतं वाचलं."

"काहून?"

"तुमच्याकडे पाहून राह्यलो होतो... वाचायचं राहूनच गेलं."

दुसरी कुणी लाजली असती. दीपमालाच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. ज्या सहीवर ती आठवडाभर जीव लावून बसली होती, ती सही तिच्या बटेवर झाली होती!

"माझा आजा हाये त्या पानावर," ती म्हणाली. "मी चांगली दिसली म्हनून थो राह्यला, आन आता साहेबाले नाही आवडला म्हनून थो जाईन?" तिनं पुस्तिकांचा गठ्ठा त्याच्यापुढे आपटला. "कापा. पन वाचून कापा. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. 'माघी पौर्णिमेस टेकडीवर परिषद भरेल. पाच डोंगे सकाळपासून काठावर राहतील. आपापली भाकर आणावी, भाजी आम्ही देऊ. ज्यांचे घर पाण्याखाली आहे त्यांनी जरूर यावे. ज्यांचे नाही त्यांनीही यावे.'

शेवटच्या ओळीशी तो अडखळला. मग मान वर न करता पुन्हा एकदा मनात वाचलं. ब्लेड डबीत ठेवलं, प्रूफ मागून घेतलं, आणि जुन्या सहीखाली तारीख घालून दुसरी सही केली. "ही वाचून केली," म्हणाला.

"उपकार नाही केले," ती म्हणाली. राग उतरला नव्हताच.

शनिवारी बेटावरच्या टेबलांवर त्यानं स्वतः हजार पुस्तिका ठेवल्या, एकही न कापता. संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली. हे तिला छापखान्याच्या मालकाकडून कळलं, आणि त्याचाही तिला राग आला. आपल्याला येऊन सांगायला त्याची जीभ झडत होती का?

माघी पौर्णिमेला ती आबाजींना घेऊन परिषदेला निघालेल्या डोंग्यात चढली, तर काठावर अवधूत उभा. हातात फडक्यात बांधलेली भाकर. त्यानं स्वतः थापली होती. बोटं भाजलेली दिसत होती. आबाजींनी त्याला शेजारी बसवलं आणि पिशवीतून पुस्तिका काढून फटकारलं, "पत्रकात पाच डोंगे लिहले, पन त्या दिशी सात भरून आले. थे बी लिहा."

त्यानं पेन काढलं, गुडघ्यावर पुस्तिका धरून तिसऱ्या पानाच्या कडेला लिहिलं आणि तिच्यापुढे धरली. "दुरुस्ती आहे. सही करा."

तिचं लक्ष त्याच्या भाजलेल्या बोटांवर होतं. तिनं सही केली, मग पाहिलं. सात डोंग्यांच्या खाली आणखी एक ओळ होती – 'यापुढे दर माघी पौर्णिमेला आम्हा दोघांची भाकर एकाच फडक्यात. हरकत असल्यास सहीआधी कळवावे.'

"हे काय लिहलं?" ती उसळली. "मी वाचलं नवतं."

"काहून?" त्यानं विचारलं.

आबाजी पाण्याकडे पाहत होते, खाली जिथं त्यांचं घर होतं तिथं. दीपमालानं अवधूतच्या हातातलं फडकं हिसकावलं, सोडून पाहिलं. "करपली हाये," ती रागानं म्हणाली, आणि ती भाकर आपल्या भाकरींवर ठेवून तिनं घट्ट गाठ मारली.