बकऱ्या अमरावतीच्या, वाघ अकोल्याचे

आता मी जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकही जण मानणार नाही, आणि कोणी मानलंच तर मला त्याच्या अकलेची काळजी वाटेल. एकोणीसशे एकसष्ट साली, अमरावतीत बसून, मी व्हिडिओ गेम खेळलो आहे. तोही ऑनलाइन. समोरचा गडी अकोल्यात होता. गडी म्हणजे... मुलगी होती.

विषय निघाला तो आमच्या नातीमुळे. डिसेंबर संपत आलेला. मैत्री पुण्याहून सुटीवर आली होती आणि मोबाइलवर या वर्षातल्या आपल्या आवडत्या गेमची यादी करत बसली होती. पहिला कोणता, दुसरा कोणता. मला म्हणाली, "आबा, तुमच्या वेळी काय, विटीदांडू?"

ते मला लागलं. समोर शालू, म्हणजे माझी बायको, ताटात तुरीची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. माझ्या गोष्टी सुरू झाल्या की ती मान वर करत नाही.

"लिही," मी म्हटलं. "साल एकसष्ट. आबाचे आवडते तीन खेळ."

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. माझा बाप बुधाजी जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा, आणि मी खुर्चीवर बसून गाव बोलतं करायचो. समोर लाकडी बोर्ड, त्यावर शंभर पितळी झडपा. गावात कोणी फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबरची झडप टपकन पडायची. मग मी वायर खुपसायची अन् विचारायचं, "नंबर?" माझा हात असा चालायचा की एकदा मी एकाच वेळी सतरा जणांना जोडलं, आणि त्यातून दोन लग्नं जमली.

"आबा," मैत्री म्हणाली.

बरं, एक जमलं.

परगावचा फोन असला तर तिथल्या ऑपरेटरला हाक मारायची. आमच्यात नावं नव्हती. ज्या गावचा तो ऑपरेटर, ते त्याचं नाव. मी "अमरावती". मोर्शीचा एक खोकणारा म्हातारा होता, तो "मोर्शी". आणि एका दुपारी, होळीच्या सुमाराला, लाइनवर नवाच आवाज आला. बारीक, पण धारदार... जसा काही कोरा कागद फाडावा.

"अमरावती, झोपले काय? तीनदा हाक मारली."

"जागा हाओ. कोण बोलून राहिलं?"

"अकोला."

"अकोल्याचा आवाज तर घोगरा होता."

"त्याची बदली झाली. आता अकोला अशी हाय. चालंल ना?"

मी म्हटलं, चालंल. आणि माझ्या हातातली वायर चुकीच्या भोकात गेली. कापसाच्या एका अडत्याला मी दवाखान्याशी जोडून दिलं.

दुपारी दोन ते चार बाजार झोपलेला असायचा. झडपा पडायच्या नाहीत. मग आमचे खेळ सुरू व्हायचे.

तिसऱ्या नंबरचा आवडता खेळ झडपांचा. आता कोणाची झडप पडेल ते आधी सांगायचं. ती अकोल्यातलं सांगायची, मी अमरावतीतलं. ती रोज जिंकायची.

"तुमी काही जादू करता का, अकोला?"

"जादू नाई, बाप्पा. इथले वकील जेवले की बायकोच्या माहेरी फोन करतात, भांडाले. मी फक्त घड्याळ पाहतो." मग थोडं थांबून, "पाहते."

ती गडबडली की 'पाहतो' म्हणायची. घरात चार भावांत वाढलेली.

दुसऱ्या नंबरचा खेळ खिडकीचा. खिडकीतून काय दिसतं ते एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ते डोळे मिटून पाहायचं. हरण्याजिंकण्याचं काही नाही. ती सांगायची: गाडीवाल्यानं बैल सोडले... एक बैल दुसऱ्याची मान चाटून राहिला... एका पोरीनं ओली ओढणी कुंपणावर टाकली, अन् ती वाऱ्यानं उडाली. मी डोळे मिटायचो. खरं सांगतो, त्या साली मी अकोला जितकं पाहिलं तितकं अकोल्याच्या लोकांनीही पाहिलं नसेल.

"आता तुमची खिडकी," ती म्हणायची.

माझ्या खिडकीसमोर भिंत होती. मी रोज नवं काही रचून सांगायचो. मोर, हत्ती, एकदा तर सर्कशीतला सुटलेला सिंह. ती हसायची. "तुमी खोटं लई गोड बोलता, अमरावती."

आणि पहिला नंबर... वाघ-बकरी.

पंचवीस घरांचा पट, चार वाघ, वीस बकऱ्या. बकऱ्या हातातून एकेक करून पटावर लावायच्या. वाघानं उडी मारून पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. बकऱ्यांनी चारही वाघ कोंडले की बकऱ्या. पट तिनं पाटीवर आखला, मी पुठ्ठ्यावर. तिचे वाघ, माझ्या बकऱ्या. घरांना नंबर. "बकरी, घर सात." "वाघ, सातावरून उडी." मध्येच झडप पडायची. "थांबा, एक ट्रंक कॉल जोडून येते, माझ्या वाघाले हात लावू नका." सांग मैत्री, हा ऑनलाइन नव्हे तर काय?

दसरा झाला आणि एका दुपारी तिचा आवाज मऊ आला.

"अमरावती... सोमवारी अचलपूरचं स्थळ पाहाले येऊन राहिलं मले."

लाइनवर नुसती खरखर.

"काहो, लाइन तुटली का?"

"नाई. डाव मांडा," मी म्हटलं. "मी जिंकलो तर रविवारी तुमी बडनेऱ्याले याचं. सकाळच्या पॅसेंजरनं. मले तोंड दाखवाले."

"अन् मी जिंकली तर?"

"मंग मी तुमाले कधी अकोला म्हणणार नाई. ताई म्हणीन."

"लई मोठी पैज लावली तुमी," ती म्हणाली. "मांडा."

अशी बाजी मी पुन्हा खेळलो नाही. चार बकऱ्या गेल्या. तीन वाघ कोंडले. चौथ्याला एकच वाट उरली, घर तेरा. माझ्या हातातल्या वीसही बकऱ्या केव्हाच पटावर लागल्या होत्या. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. पाहिलं अन्... टेबलावरचा शेंगदाणा उचलून तेराव्या घरात ठेवला.

"बकरी, घर तेरा."

"हातात उरली होती?"

"उरली होती."

खरखर. मग ती म्हणाली, "मंग हरली मी. माझ्या हातात पाटी असंल. वळखा."

संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या ओळीपाशी, माझा आवाज बसला. बापानं वळून पाहिलं. त्याला वाटलं, पोराला सर्दी झाली. आई, चतुराबाई, तिनं रात्री हळदीचं दूध दिलं. ते गरम दूध पिताना मला जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात परत...

शालूच्या ताटात डाळ सरकण्याचा आवाज आला. मी पुढं सांगू लागलो.

रविवारी मी बडनेरा स्टेशनवर गेलो. कडक इस्त्रीचा सदरा, हातात मोर्शीची चार संत्री. पॅसेंजर आली. बायका उतरल्या, टोपल्या उतरल्या, अन् मागून ती. आकाशी लुगडं. सावळी, उंच. अन् पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, शाळेतल्या पोरीसारखी. पाटीवर खडूनं आखलेला पट तेवढ्या दुरूनही दिसत होता. ती एकेका माणसाकडे पाहायची... अन् पाटी थोडी पुढं करायची.

जिच्या भेटीसाठी मी चोरी केली तिच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ? मी पाण्याच्या नळाजवळच्या खांबामागं उभा राहिलो. दोन तास. ती बाकावर बसली, पाटी मांडीवर. बोटानं रिकाम्या पटावर वाघ चालवत होती. परतीची गाडी आली, ती चढली. संत्री माझ्या हातातच राहिली.

"आबा, तुम्ही गेलाच नाही तिच्याजवळ?" मैत्रीनं मोबाइल खाली ठेवला होता.

नाही गेलो. आजही सांगताना मान खाली जाते.

सोमवारी मीच हाक मारली. "अकोला."

"बोला." कागद पुन्हा फाटल्यासारखा आवाज.

"मी आलो होतो. खांबामागं होतो. समोर आलो नाई, कारण... ती शेवटची बकरी खोटी होती. एकविसावी होती ती."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "दिवसभर ट्रंकचे मिनिटं मोजते मी, अमरावती. वीस बकऱ्या मोजता येत नाई का मले?"

"मंग तेव्हाच काहून नाई बोलल्या?"

"मले बडनेऱ्याले याचं होतं म्हणून." खरखर थांबली होती, आयुष्यात ती लाइन इतकी स्वच्छ कधी नव्हती. "काल दोन तास बसली तेव्हा ठरवलं होतं, संध्याकाळी अचलपूरवाल्याले हो म्हणाचं. पण खांबामागं का होईना, तुमी आले तर होते. बकरीची चोरी माफ. माझ्या बाबांचं नाव पुंजाजी. घर टाकीजवळ. माझं नाव शालू."

पुढच्या वैशाखात लग्न झालं. तिनं मला माफ केलं ते त्या खांबासाठी. साठ वर्षं झाली, भांडण कितीही पेटलं तरी शेवटी ती तेच म्हणते, जाऊ द्या, खांबामागं का होईना, आला तर होता. तर लिही, मैत्री, पहिला नंबर...

मैत्री लिहीत नव्हती. ती आजीकडे पाहत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की डाळ निवडण्याचा आवाज मघापासूनच बंद आहे. मी पाटीचं सांगितलं तेव्हापासून.

"पाटीवरचा पट दिसत होता म्हणता," शालू म्हणाली.

"दुरून दिसत होता. खडूचा."

"हे आधी कधी नाई सांगितलं मले तुमी."

"आता आठवलं."

तिनं ताट बाजूला ठेवलं आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्या गोष्टीत मान वर केली.

"खोटं हाय," ती म्हणाली. "माझी पाटी वाटेत मूर्तिजापूरलेच खाली पडून फुटली होती. बडनेऱ्याले मी रिकाम्या हातानं उतरली होती. मंग तुमी खांबामागं होते तरी का?"