रुपये निवडले म्हणून...

त्या दिवशी स्वरूपा चाकणच्या बँकेत भांडायच्या तयारीनेच गेली होती. चिपळूण सोडून ती जवळच्याच कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि कंपन्यांच्या गणवेशांवर मशीनने भरतकाम करून द्यायची. त्यासाठी परदेशातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तिने ऑनलाइन घेतलं, आणि खात्यातून भलतेच जास्त पैसे गेले.

"पैसे भरताना 'रुपये' निवडलेत ना?" काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं.

"हो. आपले रुपये बरे, म्हणून..."

"तिथेच फसलात. युरोचे रुपये त्यांनी स्वतःच्या चढ्या भावाने केले. युरोच ठेवायचे होते."

"म्हणजे... रुपयांत भरले म्हणून रुपये जास्त गेले?"

"हो. शिवाय कंपनी परदेशी, म्हणून बँकेचा चार्ज वेगळा."

"रुपयांत भरूनसुद्धा?"

"भरूनसुद्धा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ती गर्रकन वळली.

"हसायला काय झालं?"

"तुमाला न्हाई ओ हसलो," मागचा उंच, सावळा तरुण ओशाळला. "मी बी हेच भांडायला आलोय. आता भांडायचं कुणाशी, तेच कळंना."

तो दिग्विजय. कुरुळीच्या जुन्या शेतकरी घरातला, तळवड्यात सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप चालवणारा. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोही असाच फसला होता.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. दोघं समोरच्या टपरीच्या पत्र्याखाली शिरली.

"आपापल्या कंपनीला मेल टाकू या," स्वरूपा म्हणाली. "इंग्रजी येतं ना?"

"येतं की. पण रागवायचं म्हटलं, की मराठीच तोंडात येतं."

तिला हसू आलं. तो बघत राहिला, मग घाईने चहाकडे वळला.

मेल गेले. उत्तरं आली, पण त्यांतून अर्थ काही निघेना. मग शनिवारी संध्याकाळी दोघं टपरीवर बसून एकाच मोबाईलवर वाकायची.

"ह्ये खेद वाटतो म्हणत्यात. म्हंजी पैसे देणार?"

"नाही. नुसता खेद वाटतोय."

"फुकटच की मग!"

असं काही तो बोलला, की ती अर्धं वाक्य विसरायची. त्याच्या मनगटावर तेलाचा पुसट डाग असायचा. आपण मेल वाचतोय की तो डाग... तिचं तिलाच उमगेना.

आणि एका दुपारी तिच्या खात्यात जास्तीचे पैसे परत आले. उड्या माराव्यात, तर ती मोबाईल हातात धरून खाली बसली. आता शनिवारी जायचं कशाला?

तरी ती गेली.

"माझं काम झालं," तिने सांगून टाकलं.

"झ्याक झालं," तो म्हणाला, आणि कप नुसताच फिरवत बसला. चहावर साय धरली. "मग... आमचं काय?"

"तुमचंही होईल. आणखी एक मेल लिहू."

"मेलचं न्हाई म्हणत मी."

"मग कशाचं?"

"आता ते बी मीच सांगायचं?" तो कानापर्यंत लाल झाला. "तुमी येत्या शनिवारी न्हाई आलात, तर... मला करमायचं न्हाई. कुठल्याच शनिवारी."

नेमका तेव्हाच स्वरूपाचा फोन वाजला. चिपळूणहून आई. तिने परवाच कळवलेल्या लग्नाच्या स्थळाकडची माणसं घरी येऊन बसली होती. मुलाची नोकरी तिथेच, स्वरूपाने मशीन विकून गावी यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"मग, काय सांगू त्यांना?" आईने विचारलं.

स्वरूपाने दिग्विजयकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि हातातला कप कलंडतोय याचंही त्याला भान नव्हतं.

"नको म्हणून सांग."

"अगं बाय, काहीतरी कारण द्यायला नको?"

"कारण आहे ना, आई." तिचं मन आता जागेवर होतं. "माझ्या शेजारीच बसलंय. आणि सगळा चहा शर्टावर सांडतंय."