श्वासापुरतं भोक

थंडी चांगली पडली की सकाळी उठून पहिलं काम म्हणजे पाणी उकळायला ठेवायचं. किटलीत चहासाठी, पातेल्यात तळ्यासाठी. ही रीत मुरिएलची. ती गेल्यावर आपसूकच एव्हिसच्या गळ्यात पडली होती.

इंग्लंडातल्या डर्बीशरच्या डोंगरउतारावरच्या त्या दगडी घरात दोघी बहिणी जन्मभर एकत्र राहिल्या. लग्न दोघींनीही केलं नाही. मुरिएल थोरली, अंगानं भक्कम, तिचे पंजे फावड्यासारखे रुंद. नोकरीतून मोकळी झाली आणि तिनं मागच्या बागेत स्वतःच्या हातांनी तळं खणलं. शोभेचे मासे नाहीत, कारंजं नाही. नुसते बेडूक, पाणकिडे आणि चतुरांच्या अळ्या. एव्हिस त्याला "तुझं चिखलाचं सूप" म्हणायची.

"सूप तर सूप," मुरिएल म्हणायची. "निदान त्यात कुणी राहतं तरी. तुझ्या गुलाबांवर काय राहतं? मावा."

शरद संपता संपता मुरिएल न्यूमोनियानं गेली. शेवटी शेवटी इस्पितळात तिनं सांगून ठेवलं होतं, राख तळ्याकाठच्या विलोच्या झाडाच्या मुळाशी घाल आणि चमचाभर पाण्यात सोड. "चमचाभरच हं. जास्त झाली तर बेडकांना बाधेल." एव्हिसनं चहाच्याच चमच्यानं राख पाण्यात सोडली, आणि मग तो चमचा धुवावा की नाही, या विचारात बराच वेळ सिंकपाशी उभी राहिली.

तळ्यावरचा बर्फ कधी फोडायचा नाही, हे मुरिएलनं तिला शंभरदा ऐकवलं होतं. घाव घातला की त्याचा हादरा तळाच्या गाळात झोपलेल्या बेडकांना बसतो. त्यापेक्षा गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून ठेवायचं. ते आपल्या बुडाएवढं गोल भोक पाडतं, आणि खाली कोंडलेली घाण हवा तिथून निघून जाते. वर हिम साचलं तर तेही झाडायचं, पाण्याखालच्या झाडपाल्याला उजेड मिळावा म्हणून. एव्हिसला बेडकांचं प्रेम नव्हतंच. पण पातेलं टेकवताना ती रोज खाली वाकून "घे बाई" म्हणायची, आणि तेवढ्यानं तिचा दिवस बरा जायचा.

त्या दिवशी दुपारभर हिम पडलं. ते थांबल्यावर एव्हिस झाडू घेऊन बागेत गेली. शेजारच्या भिंतीवरून लेननं डोकं वर काढलं. दोघं एका शाळेतले, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"काय नर्सबाई, पेशंट कसे आहेत?"

"झोपलेत. तू असाच ओरडत राहिलास तर उठतील."

"मुरिएल असती तर तुला झाडूला हात लावू दिला नसता."

"मुरिएल असती तर मी लावलाही नसता."

लेन हसला. मुलीकडे जाऊन येतो, म्हणाला, आणि जाता जाता बजावून गेला, "त्या विलोच्या बाजूला जाऊ नकोस. काठ घसरडा झालाय."

उजेड भराभर कमी होऊ लागला. हिवाळ्यात तिथं चहाच्या वेळेलाच अंधारायला लागतं. हिमानं सगळे आवाज गिळले होते. रस्ता, मेंढ्या, कशाचीच चाहूल नव्हती. फक्त झाडूची खसखस. आणि त्या कडाक्याच्या गारठ्यात अचानक वास आला... ऐन उन्हाळ्यात तळं आटल्यावर येतो तसा, उबट गाळाचा. एव्हिस थांबली. मग विलोखाली राहिलेलं हिम झाडायला तिनं हात लांबवला, आणि तिचा पाय सटकला.

बर्फ कडकन फुटला. ती कमरेपर्यंत आत गेली. गारठ्यानं तिचा श्वासच अडकला. गाळानं दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत धरले. तिनं लेनला हाका मारल्या, पण लेन कुठून येणार? धडपड केली की ती आणखी रुतत होती. हळूहळू पाय बधिर होऊ लागले, आणि आता दमले, थोडं टेकावं, असं तिला वाटू लागलं.

तेव्हा उजव्या पावलाखाली काहीतरी आलं.

रुंद, घट्ट, मधे किंचित खोलगट. तो तळवा होता. लहानपणी दुसऱ्याच्या सफरचंदांसाठी भिंत चढताना मुरिएल आपले पंजे असेच तिच्या पायाखाली धरायची आणि वर रेटायची.

"मुरिएल...?"

तळव्यानं तिला वर लोटलं. एव्हिसची छाती काठावर आली, विलोचं मूळ हाती लागलं. ती सरपटत बाहेर पडली. डावा गमबूट मात्र आतच राहिला.

लेन परतला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात बसून कुडकुडत होती. त्यानं तिला घोंगडीत गुंडाळून आगीपाशी बसवलं, चहात ब्रँडी ओतली.

"त्या गाळातून एकटी वर आलीस? या वयात?"

"एकटी नव्हते," एव्हिस म्हणाली, आणि तिनं त्याला पायाखालच्या हाताचं सांगितलं.

लेन हसला नाही. आगीकडे बघत राहिला. "तीच असणार," तो म्हणाला. "जन्मभर तुला शिव्या घातल्या, पण पडू कधी दिलं नाही."

एव्हिसच्या डोळ्यांना धार लागली. मुरिएल गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, आणि रडताना तिला बरंही वाटत होतं. लेननं तिचे पाय चोळून गरम करायला घेतले. डाव्या पायाचा ओला मोजा त्यानं सोलून काढला, आणि त्याचे हात थांबले.

घोट्याभोवती निळे वळ उठले होते. बोटांचे. बारीक आणि लांब, इतके लांब की घोट्याला वेढून पुन्हा एकमेकांवर आलेले.

"हे... मुरिएलनं?"

"नाही," एव्हिस हळूच म्हणाली. "मुरिएल उजवीकडे होती."

लेननं पाय पुन्हा चोळायला घेतला.

"गाळानं आवळलं असेल," लेन म्हणाला.

"असेल."

पण तिला आता सगळं आठवत होतं. उजवा पाय वर लोटला जात होता तेव्हा डावा खाली ओढला जात होता. हिसका नव्हता, राग नव्हता. झोपेत कुणी पांघरूण आपल्याकडे ओढावं तसं, सावकाश. मग क्षणभर तो रुंद तळवा तिच्या पायाखालून निघाला होता. डावीकडे गेला होता. आणि डाव्या पायावरची पकड सुटली होती.

"उद्या माणूस बोलावतो," लेन म्हणाला. "तळं बुजवून टाकू."

"आणि मुरिएल? तिला त्या दुसऱ्याबरोबर पुरून टाकू?"

लेननं आगीत आणखी एक लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हिसनं पाणी उकळलं. लेननं तिच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि काठापासून दूर पाय रोवून उभा राहिला. ती पडली होती ती जागा रात्रीत पुन्हा गोठली होती. तिनं पातेलं बर्फावर टेकवलं आणि गुडघ्यांवर बसली.

"मुरिएल, मी आहे गं," ती बर्फाजवळ तोंड नेऊन म्हणाली. "रोज येईन. तू तुझी काळजी घे."

पातेलं उचललं तेव्हा खाली गोल, स्वच्छ भोक पडलं होतं. काळं पाणी किंचित हललं.

"एव्हिस," लेनचा आवाज आला. "ते दुसरं तू केलंस?"

तिनं मान वर केली. घराच्या बाजूच्या काठाशी, जिथं तिनं पातेलं कधीच ठेवलं नव्हतं, तिथं बर्फात आणखी एक भोक होतं. अरुंद, लांबट. त्याच्या कडा खालून वितळत आल्या होत्या.

एव्हिसनं नकारार्थी मान हलवली.

तिच्यासमोरच्या गोल भोकात एक बुडबुडा वर आला आणि फुटला. थोड्या वेळानं दुसरा. संथ, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे.

मग पलीकडच्या भोकातूनही येऊ लागले. ते जरा घाईचे होते.