सत्तावीस दिवसांचा आवाज

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. तेवढ्यात छातीशी कॉम्प्युटर कवटाळलेली, पावसात चिंब झालेली पेईहान वाकून आत घुसली... आणि थेट दुकानदाराच्या खांद्यावर आदळली.

"अहो, सावकाश! एक भूकंप होऊन गेलाय, दुसरा तुम्ही करताय."

हसायचं त्राण तिच्यात नव्हतं. सतत भूकंप होणाऱ्या ह्वालियेन शहरात जन्म गेलेला. जमीन हलली की ती फक्त चहाचा कप धरून बसायची. पण आज नव्या सिस्टिमचं अपग्रेड त्रेसष्ट टक्क्यांवर असताना हादरा बसला आणि वीज गेली. वीज परत आली, कॉम्प्युटर मात्र आला नाही. काळ्या पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरायचं, विझायचं, पुन्हा फिरायचं.

"महत्त्वाचं काय आहे आत?" त्यानं विचारलं.

"आई," ती म्हणाली.

परवाच आईचं घशाचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सरपायी स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी सत्तावीस दिवस पेईहाननं तिला माइकसमोर बसवून वाक्यं वाचून घेतली होती. आता आई टाइप करील ते एक प्रोग्रॅम तिच्याच आवाजात बोलणार होता.

"दुसरी प्रत?"

"उद्या करीन, उद्या करीन म्हणत..."

तो रागावला नाही. त्यानं शटर वर ढकललं. "मी मायाव. बसा. आणि कुणीही सांगितलं तरी यावर नवी सिस्टिम टाकू द्यायची नाही. आधी फाइली बाहेर, मग दुरुस्ती."

पेनड्राइववरच्या वेगळ्याच सिस्टिमनं त्यानं कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला.

"मिळतील ना?"

"खोटं सांगू?"

"हो... नाही. नको."

"मग, माहीत नाही."

तिच्या नावाचं फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. नेमक्या त्याच क्षणी दिवा झुलायला लागला, कपाटातल्या वायरी थरथरल्या. मायावनं दोन्ही हातांनी कॉम्प्युटर झाकला, तिनं त्याची बाही पकडली. हादरा ओसरला. वीज टिकली.

"सॉरी... सोडते."

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "मलाही भीती वाटतेय."

एवढा धिप्पाड तरुण हे इतक्या सहज म्हणाला, याचं तिला नवल वाटलं. बाही तिनं सोडली नाही.

"अपग्रेड होताना जुनं सामान आधी एका बाजूला नेऊन ठेवतात," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मग नव्या जागी मांडतात. तुमचं वाटेतच अडकलं असेल... असेल म्हणतोय हं."

शेवटी 'जुनं' अशी खूण असलेल्या फोल्डरमध्ये फाइलींची लांबच लांब रांग दिसली. त्यानं पहिली लावली. शांतता. नुसती खरखर. तिनं डोळे मिटून घेतले.

मग कुणीतरी खोकलं. "पेईहान, हे चालू आहे का गं? दिवा लागलेला दिसत नाही."

ती हमसून हमसून रडली. मायाव पाठ फिरवून स्वच्छच असलेलं काउंटर पुसत राहिला. सगळ्या फाइली दोन डिस्कवर उतरवून झाल्यावरच त्यानं दुरुस्तीला हात घातला.

प्रोग्रॅम बसवायला तो हॉस्पिटलात आला. दुसऱ्या दिवशी 'तपासायला' आला. मग पेईहानसाठी गरम भाताचे गोळे घेऊन आला. मग येतच राहिला.

नवव्या दिवशी आईनं उशीला टेकून टाइप केलं. मांडीवरचा टॅब्लेट तिच्याच, किंचित खट्याळ आवाजात बोलला, "कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आठवडा झाला. हा मुलगा अजून काय दुरुस्त करतोय?"

"आई!" पेईहान कानापर्यंत लाल झाली.

मायाव दारातच अवघडला. "काही नाही, मावशी. मी... पेईहानला भेटायला येतो."

आईची बोटं पुन्हा हलू लागली. एक अक्षर... दुसरं... मध्येच खोडलं. भूकंपातसुद्धा पेईहानचं काळीज इतकं धडधडलं नव्हतं.

"मग उभा का? बस."

पेईहाननं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ये ना," ती म्हणाली.