दुसऱ्या मजल्यावरचा चहा

बेल दाबली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

दार उघडलं एका उंच, जरा वाकून उभ्या राहणाऱ्या तरुणानं. अंगात ॲप्रन, केसांवर पांढरी भुकटी, आणि हातात... दात! अख्खी कवळी. गुलाबी हिरड्यांसकट.

"गुडघा कुठे आहे?" मी धापा टाकत विचारलं. मला उशीर झाला होता.

त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन आहेत. कुठला दाखवू?"

"तुमचा नाही हो! आजींचा. मी फिजिओथेरपिस्ट—"

"आजी वरच्या मजल्यावर. आमच्याकडे आजी नाहीत. दात आहेत, आणि बाबा आहेत." कवळीनंच त्यानं वरची दिशा दाखवली. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हात पाठीमागे लपवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

मला हसू आवरेना. सॉरी म्हणून मी वळणार, इतक्यात आत काहीतरी खळकन पडलं आणि पाठोपाठ एक खर्जातला आवाज आला, "राहू दे! नकोच मला चहा! ह्या घरात आता चहा बंद!"

त्याचा चेहरा उतरला. दाराच्या कडीशी चाळा करत तो हळूच म्हणाला, "तुम्ही... हातही बघता का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्या दिवशी तासभर माझी वाट बघत बसल्या.

बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खांदे अजून तसेच, दारातून आडवे होऊन जावं लागेल असे. जिन्यात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण हात आखडला तो आखडलाच. मूठ वळेना, बोटं चिमटीत जुळेनात. दवाखान्यातून दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो बाबांनी पलंगाखाली भिरकावून दिला होता.

"चेंडू दाबायला मी काय बाळ आहे?" ते मला म्हणाले. हात टॉवेलाखाली झाकून ठेवला होता. "पोरी, ह्या हातानं मी जहाजातले कंटेनर उचललेत. एवढा बोजा, पण खाली ठेवायचो तो अलगद. खाली अंडं असतं तरी फुटलं नसतं. आणि आज? गाळणं उचलत नाही मला."

आई गेल्यापासून त्या घरातला चहा बाबाच करायचे. सकाळी आणि संध्याकाळी. मसाला दर वेळी ताजा कुटायचा. डब्यातला तयार मसाला म्हणजे शिळी बातमी, हे त्यांचं मत. मुलानं दोन-चारदा प्रयत्न करून पाहिला होता, पण...

"चहा करतो की दातांचं प्लास्टर कालवतो, हेच कळत नाही," बाबा म्हणाले.

मुलगा दाराला टेकून उभा होता. तो कवळ्या बनवायचा. डॉक्टर माप पाठवत, हा घरीच दात घडवत असे. "दोन्हींत पाणीच असतं, बाबा," तो पडेल आवाजात म्हणाला.

मी दवाखान्याचे कागद पाहिले, मनगट हलवून पाहिलं. हात बरा होण्यासारखा होता. बाबांचीच इच्छा मेली होती.

"चेंडू नको," मी म्हटलं. "आपण चहा करू. चहातच सगळे व्यायाम आहेत. वेलची सोलणं म्हणजे चिमूट, खलबत्ता म्हणजे मनगट, आणि सांडशीनं पातेलं उचललंत की तुम्ही बरे."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना क्रेन कशी चालवायची ते शिकवत होते. पण नाही म्हणाले नाहीत.

मग माझी एक ठरलेली फेरी सुरू झाली. आधी वरच्या मजल्यावर आजींचा गुडघा, मग खाली बाबांचा हात. आजी काही खुळ्या नव्हत्या. "माझ्या गुडघ्याला हल्ली फार घाईनं उरकतेस ग," त्या म्हणायच्या. "खाली काय चूल पेटवून आलीस की काय?"

स्वयंपाकघर इतकं अरुंद, की तिघं उभी राहिली तर चौथ्या श्वासाला जागा नाही. बाबा उंच स्टुलावर. मी त्यांच्या मनगटापाशी. आणि खल हलू नये म्हणून तो घट्ट धरून, गुडघ्यावर बसलेला मुलगा. आल्याचा झणझणीत वास, वेलचीचा गोड, मध्येच दालचिनीचा उबदार... आणि त्याच्या ॲप्रनला येणारा मेणाचा. बाबा थांबले की आम्ही दोघं एकदमच वर बघायचो. आणि एकदमच खाली.

व्यायाम संपला की बाबा आडवे व्हायचे, आणि तो मला त्याची कामाची खोली दाखवायचा. खिडकीजवळ टेबल, फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे.

"रोज इतकी माणसं तुमच्याकडे बघून हसतात," मी एकदा म्हटलं.

"हो ना. पण एकही बोलत नाही." बोटावरचं मेण खरवडत तो म्हणाला, "तुमचा वरचा डावा सुळा जरासा पुढे आहे."

"अगंबाई! माझे दात मोजता होय?"

"धंद्याची सवय..." तो थांबला. खाली बघत राहिला. "नाही. सवय नाही. बाकीच्यांचे मला आठवत नाहीत. आणि... सरळ करून घेऊ नका तो. कधीच."

त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर किती वेळ हसत होते, ते सांगण्यासारखं नाही.

पण हात काही मनासारखा सुधारेना. एका संध्याकाळी बाबांच्या बोटांतून बत्ता निसटला, खल कलंडला, आणि लवंगा-वेलच्या फरशीभर उधळल्या. बाबा काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "झालं ते खूप झालं," एवढंच म्हणाले आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

आम्ही दोघं फरशीवर बसून लवंगा वेचत होतो. ओट्याखाली गेलेल्या एका वेलचीवर दोघांचे हात एकदमच पडले. मी हात काढून घेतला नाही. त्यानंही नाही.

"आई गेल्यावर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, बाबांना माझ्याशी बोलायचं नाही. त्यांना वाटायचं, मला त्यांच्याशी. मग एकदा त्यांनी दारात येऊन विचारलं... चहा घेणार का रे? बस, एवढंच. तेव्हापासून आम्ही चहाच्या निमित्तानं बोलतो. चहा बंद झाला ना, तर..."

माझ्या अभ्यासक्रमात ह्यावर उपाय नव्हता. मी उठले आणि बाबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, मला चहा शिकवता?"

"तुला येत नाही?" भिंतीनं विचारावं तसा आवाज.

"नाही. एकटी राहते. गरम पाण्यात पुडी बुचकळते आणि पिते."

पलंग करकरला. "पुडी?" बाबा उठून बसले होते. "दोऱ्याची?"

"दोऱ्याची."

"अरे देवा," असं म्हणून ते माझ्या आधी स्वयंपाकघरात पोचले.

मी कुटायला घेतलं. खोटं कशाला बोलू, मला खरंच येत नव्हतं. वेलच्या टणाटण उडत होत्या. बाबा बघत होते, ओठ आवळत होते, शेवटी राहवलं नाही त्यांना. "अगं, असं आपटतात का? वेलचीनं काय घोडं मारलंय तुझं? दे इकडे!" आणि माझ्या हातातून त्यांनी बत्ता हिसकावला. उजव्या हातानं. "हे बघ, आधी दाबायचं. फुटली की मग फिरवायचं. गोल... गोल..."

मनगट फिरत होतं. त्यांना कळलंही नव्हतं. मुलगा खल धरून तसाच बसला होता आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. मग मीच माझ्या ओढणीचं टोक पुढे केलं.

शिष्या मिळाल्यावर बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. आज आलं किसून दाखव, उद्या ठेचून, फरक सांग. मिरी दोनच, घशाला कळली पाहिजे, जिभेला नाही. मला शिकवता शिकवता त्यांची चिमूट जुळली, मूठ वळली. आणि एका दुपारी, बाहेर रिपरिप चालू असताना, त्यांनी सांडशीनं भरलं पातेलं उचललं. कंटेनर उतरवावा तसं हळूहळू ओट्यावर टेकवलं. एक थेंब सांडला नाही.

मी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या, पण जरा उशिरा.

"चला, सुटलीस म्हाताऱ्याच्या तावडीतून," बाबा मला म्हणाले. डोक्यावर हात ठेवला, उजवाच. मग मुलाकडे वळून म्हणाले, "माझा हात उघडला एकदाचा. ह्याचं तोंड उघडायला कुणाला बोलवावं, तेवढं बघितलं पाहिजे. जगाच्या तोंडाची मापं घेतो, स्वतःचं मात्र शिवलेलं!"

"बाबा!" तो म्हणाला.

मला सोडायला तो खालच्या दारापर्यंत आला. छत्री उघडायला मी उगीचच बराच वेळ लावला.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे... बाबा बरे झाले."

"हो. बरं झालं."

"आणि आजींचा गुडघा? त्याला तर अजून वेळ लागेल ना?"

"त्याही आता जिना चढतात."

"अरेरे!" तो म्हणाला, आणि जीभ चावली.

मी हसले. तो हसला. रस्त्यानं जाताना मी एकदा मागे पाहिलं, तर तो तिथेच उभा, पावसात अर्धा भिजत.

नंतरचे दिवस... काय सांगू? पेशंट होते, कामं होती. कुणाचा खांदा, कुणाची कंबर. पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप त्या रस्त्याला वळायचे आणि मी त्यांना ओढून घरी आणायचे. फोन करायला निमित्त नव्हतं. आणि निमित्ताशिवाय फोन करायचा, तर त्याला कारण सांगावं लागलं असतं.

शेवटी रविवारी सकाळी मी आलं आणलं, वेलची आणली, खलबत्तासुद्धा विकत घेतला आणि खोलीतल्या एका शेगडीवर चहा टाकला. तो असा काही झाला, की बेसिनलाही पाजवेना. मी बाबांना फोन लावला.

"हॅलो?" आवाज बाबांचा नव्हता.

"बाबा आहेत का?" मी विचारलं. छातीत खलबत्ता चालू.

"ते खाली फिरायला गेलेत. मी... चालेन का?"

"माझा चहा बिघडलाय."

"काय होतंय त्याला?"

"फाटलाय."

"आलं दुधात घातलंत?"

"सगळं एकदमच घातलं."

"हे बाबांना सांगू नका हं. हात पुन्हा आखडेल त्यांचा." मग आवाज मऊ झाला. "पुन्हा ठेवा. आधी नुसतं पाणी. त्यात आलं आणि मसाला. दूध सगळ्यात शेवटी, तेही गरम करून."

मी फोन खांद्यात धरून आलं ठेचलं. त्याला ते ऐकू जात असणार. फोन कुणीच ठेवत नव्हतं.

"उकळी आली?"

"नाही. कडेला बारीक बुडबुडे."

"मग वेळ आहे... एक बोलू? उकळी आल्यावर धीर होणार नाही माझा."

"बोला ना."

"त्या दिवशी बाबांनी पातेलं उचललं ना... तेव्हा माझ्या मनात आलं, निसटावं. एक क्षणच. सख्ख्या बापाच्या हातातून उकळता चहा निसटावा असं वाटलं मला, कारण मग तुम्ही पुन्हा आला असता. असा मुलगा आहे मी. तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगितलं. बाकीचं... नंतर."

पाणी खळखळायला लागलं होतं. मी गॅस बारीक केला.

"बाबांचा हात त्याच्या आधीच्या आठवड्यातच बरा झाला होता," मी म्हटलं. "मला दिसत होतं. मी बोलले नाही."

ठेचलेलं आलं मी पाण्यात टाकलं.

"आणि 'बाकीचं' म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"ते फोनवर नाही जमणार. समोर यावं लागेल."

"मग या की. पत्ता सांगते."

"आत्ता?"

"पाणी उकळतंय."

पाणी उकळून उकळून आटलं, मी पुन्हा भरलं, तेही आटत आलं, तेव्हा दारावर टकटक झाली. धुतलेला शर्ट, ओले केस, आणि हनुवटीवर ताजा कापल्याचा ओरखडा. कानामागे साबणाचा फेस.

"उशीर झाला," तो म्हणाला. "जिन्यात बाबा भेटले. कुठे निघालास म्हणाले. म्हटलं, चहा करायला. तर म्हणाले, मग आधी दाढी कर."

मी हसता हसता अंगठ्यानं त्याच्या कानामागचा फेस पुसला. त्यानं माझा हात तिथेच धरून ठेवला. प्लास्टर आणि मेण हाताळणारी त्याची बोटं खरखरीत होती.

"बाकीचं असं आहे," तो म्हणाला. एकेक शब्द जुळवून बसवावा तसा बोलत होता. "तुम्ही रोज यावं, असं वाटतं मला. कुणाचं काहीही दुखत नसताना. कुणाचा हात न मोडता. आणि एकदा आलात की... परत जायची घाई नसावी."

खूप बोलायचं ठरवलं होतं मी. पण मी नुसतीच मान हलवली. पुन्हा हलवली, न जाणो त्याला दिसली नसेल तर.

त्याला दिसली होती.

मग आम्ही चहा केला. त्यानं दूध तापवलं, मी पूड घातली. रंग चढला, वाफ खिडकीच्या काचेवर जमली, खोलीभर वास पसरला. आमचे खांदे एकमेकांना टेकले होते आणि ते बाजूला घेण्याइतकी जागा असूनही कुणी घेत नव्हतं.

"साखर घातलीस का ग?" त्यानं ढवळता ढवळता विचारलं.

आणि दोघंही थबकलो. त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल व्हायला लागल्या. तो 'म्हणजे तुम्ही' असं काहीतरी सावरायला जाणार, एवढ्यात मीच डबा त्याच्या हातात दिला.

"नाही रे," मी म्हटलं. "तू घाल."