रेघेचं शेपूट

"तुमचा हा ब्रश खोटं बोलतो हं!" असं म्हणून ती ज्याच्यासमोर बसली, त्यानंच तो ब्रश बनवला होता. तिला काय ठाऊक!

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर घडवणारी हौशी मंडळी जमत. सॉफ्टवेअर फुकट, त्याचा कोडही सगळ्यांना खुला; 'ब्रश' म्हणजे त्यातलं पडद्यावर रेघ काढायचं साधन. ती मुलांच्या पुस्तकांची चित्रकार, हेच सॉफ्टवेअर वापरणारी. पुस्तक परत करायला आली, दारावरची पाटी वाचली आणि थेट आत शिरली.

"खोटं? ते कसं?" त्यानं विचारलं.

"पेन उचललं, की रेघेला शेपूट फुटतं. उंदीर काढताना चालेल... पण मी माणसं काढते."

तो खळखळून हसला. "दाखवा बरं."

तिनं डाव्या हातात पेन धरलं. पहिल्या चार रेघा अगदी शहाण्यासारख्या आल्या. पाचवीला मात्र... शेपूट!

"पुन्हा," तो म्हणाला. "अजून एक."

चाळीस रेघा झाल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं – हा पडद्याकडे नाही, आपल्या मनगटाकडे बघतोय. इतकं निरखून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ती गोरीमोरी झाली. तरी पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या शनिवारी मनातलं ओठांवर आलं. तिचे बाबा पाट्या रंगवायचे. ऐन उमेदीत त्यांचा हात कापू लागला, तो आधी रेघेच्या टोकाशी.

"दोष तुमच्या ब्रशात नसेल... माझ्या हातात असेल तर?"

"माहीत नाही. पण शोधतो. जे असेल ते सांगेन, साखर न पेरता."

कोरड्या दिलाशापेक्षा हे तिला बरं वाटलं.

आठवडाभर त्याचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी निरोप आला – 'लगेच या.'

ती धापा टाकत पोचली. त्यानं डाव्या हातात पेन घेतलं, हुबेहूब तिच्यासारखं, आणि एक वेडीवाकडी रेघ ओढली. टोकाला शेपूट!

"आठवडाभर डाव्या हातानं गिरवतोय. पेन उचलताना तुम्ही कधीकधी मनगट वळवता. तेवढ्यात माझा कोड एक ठिपका जास्तीचा टाकतो. चूक माझी."

"मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना..."

"दुरुस्त केलाय. स्वतःच काढून बघा."

तिनं एक रेघ काढली. मग वीस. सगळ्या जिथल्या तिथे थांबल्या. तिचे डोळे डबडबले. तिनं आधी बाबांना फोन लावला, मग त्याच्याकडे वळली.

"एका रेघेसाठी कुणी एवढं करतं?"

"सुरुवातीला रेघेसाठीच... मग वाटायला लागलं, चूक सापडूच नये. सापडली तर तुम्ही यायच्या थांबाल."

"तरी सापडल्याबरोबर कळवलंत?"

"तुमच्या जिवाला घोर होता ना."

तिनं पेन खाली ठेवलं.

"शनिवारीच भेटायचं असा नियम आहे का इथला?"

"नाही... म्हणजे... तुम्ही म्हणाल तेव्हा."

"आधी 'तू' म्हण. मग ठरवू."

तो दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा हसत हसत दोघं सोबतच जिना उतरली.